सुलभाताईंचा बिडाचा तवा

हा तवा घासायचा नाही. आमच्या घरी नवीन कामवाली येवो, सुनेची आई येवो, मी आधी हे सांगते आणि मग बसायला सांगते. मध्यंतरी सुनेच्या मावशीनं मदत करायच्या हौसेनं तो बेसिनमध्ये ठेवला आणि साबणाला हात घातला. तेव्हा मी अशी ओरडले की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत आली. मावशी अजून आमच्याकडे यायला कचरतात. कचरू देत.

तवा माझा नाही. आमच्या तळमजल्यावरच्या सुलभाताई तांब्यांचा. त्या गेल्यावर त्यांच्या मुलीनं तो माझ्याकडे दिला. बिडाचा आहे, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दोन्ही हातांनी उचलावा लागतो. त्यांच्या सासूबाईंचा तो. खेडच्या बाजूच्या गावातून परळच्या चाळीत आला आणि चाळ सुटली तेव्हा त्यांच्याबरोबर भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत. त्यावर त्या घावनं घालायच्या. तांदळाचं पातळ पीठ कडेकडेनं ओतत मध्यापर्यंत आणायचं, वर झाकण ठेवायचं, आणि झाकण काढलं की घावनाला अशी जाळी पडलेली असायची की तिच्यातून खालच्या ताटलीवरचं फूल दिसावं. ती जाळी पिठाची नसते, तव्याची असते, असं त्या म्हणायच्या. वर्षानुवर्षं तेल पिऊन तवा काळा गुळगुळीत झाला की मगच ती पडते. असा तवा धुवायचा नसतो. गरम असताना फडक्यानं पुसायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा आणि ठेवून द्यायचा. कोकणातल्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. मी साताऱ्याकडची, मला शिकवावं लागलं.

सुलभाताई गेल्या तेव्हा सोसायटीनं शोकसभा घेतली. सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, "तांबेबाई अत्यंत प्रेमळ आणि मनमिळाऊ होत्या." मला उठून त्यांच्या हातातला माईक काढून घ्यावासा वाटला. मनमिळाऊ कसल्या? सुलभाताई फटकळ होत्या. रागीट होत्या. रिक्षावाल्यापासून कॉर्पोरेशनच्या माणसापर्यंत भाईंदरमध्ये त्यांचा ओरडा न खाल्लेला माणूस मिळणं कठीण. आणि त्यांच्या रागाला कारण असायचं. ते कारण त्या सभेत खुर्च्यांवर बसलं होतं, म्हणून मी हे लिहितेय.

जन्मभर त्यांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी केली. त्यामुळे एक सवय लागली होती. समोरच्यानं काहीही सांगितलं की त्या ते परत म्हणून दाखवायच्या. "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की…" आणि मग त्याचंच वाक्य त्याला ऐकवायच्या, जरा हळू, जरा स्पष्ट. भाजीवाला म्हणाला, मावशी, मटार ताजे आहेत, की ह्या म्हणणार, "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की हे मटार आज सकाळचे आहेत." भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळणार. माणसाला स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको असतं. खोटं असेल तर नकोच.

साखरेचा आजार होता. बिनसाखरेचा चहा प्यायच्या आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायच्या. गुडघे गेले होते, म्हणून मुद्दाम तळमजल्याचं घर घेतलेलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. वरच्या मजल्यांवर त्या कधी यायच्या नाहीत, आम्हीच खाली जायचो. मी पहिल्या मजल्यावर, त्यामुळे सगळ्यांत जास्त मीच.

मी त्यांना ताई म्हणायचे. त्या मला "अगो मंदा" म्हणायच्या, आणि चिडल्या की "शिंदेबाई".

पूर्वी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सोसायटीतर्फे समोसे वाटायचे. आदल्या दिवशी सांगून ठेवलेले, गार, कागदाला तेल सुटलेले. सुलभाताई आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी समोसा हातात घेतला, दाबून बघितला आणि चेअरमनना म्हणाल्या, "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की देशाचा सण आहे म्हणून हे खायचं." चेअरमन हसले. त्या हसल्या नाहीत. घरात गेल्या, शेगडी बाहेर आणली, तवा आणला आणि कंपाउंडमध्ये झेंड्याच्या खांबाजवळ घावनं घालायला बसल्या. लोक समोसे ठेवून तिकडे गेले.

पुढच्या वर्षी हंसाबेन पुडल्यांचं बेसन भिजवून खाली आली. शेट्टींच्या घरून नीरडोसा आला, तिवारीभाभी मुगाच्या डाळीचे चिले घेऊन आल्या, मी थालीपीठं लावली. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला कंपाउंडमध्ये ओळीनं शेगड्या लागायच्या. सुलभाताई मध्ये स्टूल टाकून सगळ्यांना बोलायच्या. "तिवारी, आच कमी कर, करपतोय. शेट्टी, झाकण ठेव. मंदा, थालीपीठ आहे की चटई विणतेयस?" हंसाबेन जैन. तिला कांदा चालत नाही हे कळल्यावर सुलभाताईंनी तिच्यासाठी वेगळा छोटा तवा आणला. त्याला कांदा कधी लागला नाही. नारळाची शेंडी तेलात बुडवून त्याला तेल लावायच्या. हे हंसाबेननं मागितलं नव्हतं, आणि सुलभाताईंनी बोलूनही दाखवलं नाही. मला शेंडी दिसली म्हणून कळलं.

त्यांच्या मुलीनं, मनीषानं, एका वाढदिवसाला आम्हां दोघींना मीरा रोडच्या एका हॉटेलात नेलं. देशोदेशीचं खाणं मिळतं म्हणे. वेटर पोरगा टापटीप. म्हणाला, "मॅम, ये सेव्हरी पॅनकेक है, हमारे यहाँ नहीं बनता." सुलभाताईंनी चष्मा लावला. एक जपानी होतं, कोबी घातलेलं जाड. एक कोरियन, कांद्याच्या पातीचं. एक फ्रान्सचं, कुठल्याशा काळ्या पिठाचं, वर अंडं फोडलेलं. तिन्ही त्यांनी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मग पोराला जवळ बोलावलं. "बेटा, ये कोबी का धिरडा है. अच्छा है. लेकिन तवा नया है तुम्हारा, बीच में चिपका. और ये हमारे यहाँ नहीं बनता, ये किसने बोला तुमको?" पोरगा मनीषाकडे बघायला लागला. मनीषा मेनूकार्डामागे हसत होती.

घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "अगो मंदा, पोळी लाटायला वेळ लागतो. सकाळी कामावर जायची घाई असली की बाई पीठ भिजवते आणि तव्यावर ओतते. जपानची काय, कोरियाची काय, आपल्यासारखीच घाईत." त्या जानेवारीत त्यांनी घावनांबरोबर पातीची धिरडी पण घातली आणि ज्याला त्याला "कोरियाची आहेत" म्हणून वाढली.

आता नीतावहिनीचं सांगते. सेक्रेटरींची बायको, तिसऱ्या मजल्यावर. तिला मी आता अहो-जाहो करत नाही, निदान लिहिताना तरी. सुलभाताई राहायला आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं जिन्यात विचारलं, "तुम्ही कुठले हो तांबे?" मी तिथंच होते. हा प्रश्न गावाचा नसतो, हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. सुलभाताई म्हणाल्या, "तळमजल्यावरचे." नीतावहिनी हसली आणि तिला जे समजून घ्यायचं होतं ते समजली. तांबे आडनाव, स्वच्छ बोलणं, सरकारी नोकरी. "आपल्यातल्याच आहेत," असं तिनं वर जाऊन सांगितलं. मग काय विचारता. दर रविवारी दारात हजर. "घावनं म्हणावीत तर तांबेबाईंची." पण दारातूनच घ्यायची, आत कधी आली नाही. आत आली असती तर हॉलमध्ये समोरच बुद्धाचा फोटो होता.

"तुम्ही सांगत का नाही सरळ?" मी एकदा विचारलं.

"काय सांगू? तिनं कुठं काय विचारलंय? आणि मी काय लपवलंय? दार उघडंच असतं माझं."

बुद्धपौर्णिमेला त्या दरवर्षी परळला विहारात जायच्या. एका वर्षी गुडघ्यांनी पार जवाब दिला, म्हणून घरीच खीर केली आणि स्टीलच्या डब्यांतून सगळ्या घरी पाठवली. प्रत्येक डब्यावर "सु. तांबे" कोरलेलं. मीच पोचवले डबे. "ताईंनी बुद्धपौर्णिमेची खीर पाठवलीय," असं प्रत्येक दारात म्हटलं.

आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. हे काय कुणाला सांगायला लागतं? हंसाबेनकडून डब्यात गोळपापडी आली. शेट्टींकडून नारळ. तिसऱ्या मजल्यावरून डबा आला तो रिकामा, घासून लख्ख केलेला. एरवी त्याच घरून लाडू यायचे, चिवडा यायचा. सुलभाताईंनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण लावलं. "अगो, गडबडीत राहिलं असेल," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्या रविवारपासून नीतावहिनीला घावनांची आठवण झाली नाही.

पुढच्या जानेवारीत नोटीस बोर्डावर कागद लागला. ह्या वर्षी नाश्त्याची व्यवस्था महिला समिती बघणार, सगळ्यांनी आपापले तवे आदल्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात जमा करावेत, मोठ्या शेगड्या मागवल्या आहेत. महिला समिती म्हणजे नीतावहिनी. आम्ही सगळ्यांनी तवे दिले. सुलभाताईंनी फडक्यात गुंडाळून दिला आणि बजावलं, "ह्याला पाणी लावायचं नाही." नीतावहिनी म्हणाली, "हो हो, माहितीय."

सकाळी झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि आम्ही शेगड्यांकडे वळलो. माझा तवा कडेला थालीपिठाची जळकी खरपुडी घेऊन होता तसा. तिवारीभाभींचा होता तसा. सुलभाताईंचा मात्र मला आधी ओळखूच आला नाही. राखाडी झाला होता. तारेच्या घासणीनं आणि चिंचेनं खरवडून खरवडून त्याचं काळं कातडं सोलून काढलं होतं. सासूच्या हातापासूनचं तेल होतं ते.

सुलभाताई तव्यापाशी उभ्या राहिल्या. त्याच्या मध्यावर बोट फिरवून बघितलं.

नीतावहिनी पुढे आली, हसत. "बाईकडून घासून घेतला हो. तुम्ही त्याच्यावर सुकट-बिकट करता ना. आज सगळेच खाणार, म्हणून म्हटलं…"

"म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की," सुलभाताई म्हणाल्या, "माझ्या तव्याला मासे लागतात, म्हणून तो घाण."

"घाण असं नाही हो. पण आता हंसाबेन वगैरे जैन आहेत…"

हंसाबेन हातातलं पुडल्याचं पीठ तसंच धरून म्हणाली, "मेरे नाम पे मत डालो हां. मेरा तवा सुलभाबेन अलग रखती है, इतने साल से. मैंने कभी कुछ बोला क्या?"

मग मला राहवेना. मी म्हटलं, "नीतावहिनी, माझ्या तव्यावर मी बोंबील भाजते, गेल्या रविवारीच भाजले. तो का नाही घासला? आणि तुम्ही स्वतः उत्तनच्या कोळणीशी घासाघीस करून पापलेट घेता, आख्खी बिल्डिंग बघते. तुमचा तवा कुठाय?" ती म्हणाली, "मंदा, तू उगाच वेगळं वळण देऊ नकोस." वळण मी देत होते म्हणे. सेक्रेटरी मोबाइलमध्ये बघायला लागले. चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या, आजच्या दिवशी नको." बाकीचे चहा पीत राहिले. त्या चहा पिणाऱ्यांचा मला आजही जास्त राग येतो. नीतावहिनीला निदान आपण काय केलं हे माहीत होतं.

सुलभाताईंनी शेगडी पेटवली. तवा ठेवला, तेल लावलं आणि पळीनं पीठ ओतलं. कोरड्या पडलेल्या बिडावर घावन चिकटणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चिकटलं. उलथण्यानं खरवडलं तर चिंध्या झाल्या. त्यांनी त्या ताटलीत काढल्या आणि दुसरं घातलं. तेही फाटलं. सगळे बघत होते. जाळीबिळी काही नाही, नुसता पांढरा लगदा. मग ती ताटली त्यांनी नीतावहिनीसमोर धरली.

"घ्या. आता स्वच्छ आहे."

नीतावहिनी एक पाऊल मागे सरली. म्हणाली, "माझा आज उपवास आहे."

हंसाबेननं पुडल्यांसाठी आणलेली हिरवी चटणी तिनं मघाशीच चाखली होती, बोटाला अजून लागलेली होती. सुलभाताईंनी त्या बोटाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की उपवास आहे," एवढंच म्हणाल्या. शेगडी बंद केली, तवा गार होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या आणि मग तो उचलून घरी गेल्या. मी धरायला गेले तर हात झटकला.

नंतरचे कित्येक महिने आमच्या जिन्यात जळक्या तेलाचा वास होता. त्या तवा पुन्हा बसवत होत्या. रोज तेल लावून तापवायचा, कांदे परतायचे, गार करायचा, परत तेल. दार सताड उघडं ठेवून. आणि आठवड्यातून एकदा त्याच तव्यावर सुकट भाजायच्या, मुद्दाम. वरून कुणी खिडकी आपटली की म्हणायच्या, "आपट. काच तुझीच आहे." मनीषा म्हणाली, आई, माझ्याकडे चल, सोड ही बिल्डिंग. "मी का सोडू? तवा तिनं घासला आणि घर मी सोडू?"

दिवाळीपर्यंत तवा काळा झाला. पहिल्या जाळीचं घावन त्यांनी मला खायला घातलं आणि मी खात असताना पंख्याकडे बघत बसल्या.

मग सव्वीस जानेवारी आली. ह्या वेळी तवा त्यांनी कुणाला दिला नाही, स्वतः छातीशी धरून आणला. घावनं सुरेख झाली. लोकांनी रांग लावली, मागच्या वर्षी चहा पीत होते त्यांनीसुद्धा. सुलभाताईंनी त्यांनाही वाढलं, पण एकाशीही बोलल्या नाहीत. नीतावहिनी खाली उतरलीच नाही. सेक्रेटरी शेवटी ताटली घेऊन आले, खाली मान घालून. सुलभाताईंनी त्यांना वाढलं. मग पिशवीतून डबा काढला, "सु. तांबे" कोरलेला, त्यात घडी करून घावनं भरली आणि म्हणाल्या, "हे वहिनींना. डबा परत पाठवा."

"कशाला त्या बाईला?" मी म्हटलं.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कामवालीनं डबा दारात ठेवला आणि निघून गेली. सुलभाताईंनी झाकण उघडलं. रिकामा. लख्ख घासलेला.

त्या उठल्या. चप्पल घातली. मला वाटलं बाहेर निघाल्या. पण त्या जिन्याकडे वळल्या आणि कठड्याला धरून चढायला लागल्या. मी मागे धावले. "ताई, मी जाते, मी देते तिला ऐकवून." त्यांनी ऐकलं नाही. एक पाय ठेवायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, श्वास घ्यायचा. पहिल्या मजल्यावर माझ्या दारात थांबायला सांगितलं, थांबल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बेल मात्र जोरात दाबली.

नीतावहिनीनं दार उघडलं. सुलभाताईंनी उघडा डबा पुढे केला.

"साखर राहिली," त्या म्हणाल्या.

"अगंबाई, हो का. कामाच्या गडबडीत राहिलं हो."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की विसरलात."

नीतावहिनीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "हो," म्हणाली.

"आता आठवलं ना? घाला."

नीतावहिनीनं डबा घ्यायला हात पुढे केला. सुलभाताईंनी डबा सोडला नाही. मग ती आत गेली, साखरेची बरणी घेऊन आली आणि चमचाभर साखर डब्यात टाकली. सुलभाताईंनी डबा तसाच धरून ठेवला. तिनं आणखी एक चमचा घातला. डबा तसाच. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर आलं, आणि नीतावहिनी तांब्यांच्या डब्यात चमच्यानं साखर घालत राहिली. डबा काठोकाठ भरल्यावर सुलभाताईंनी झाकण लावलं. आभार मानले नाहीत.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या पायरीवर बसल्या, डबा मांडीवर घेऊन. श्वास लागला होता. डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं, तवा सोललेला बघितला त्या दिवशीही नाही. मी शेजारी बसले. त्यांना त्याच उन्हाळ्यात मनीषानं दवाखान्यात नेलं ते परत आणलंच नाही, म्हणून मला त्या आठवतात त्या तिथं, त्या पायरीवर.

"माझं म्हणणं असं आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना बोलता येईना. मग तो डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

"घे. तुझ्या घरी ने. मला साखर चालत नाही."

आणि कठडा धरून उतरायला लागल्या.